शोककवितेच्या शेजारी छायाचित्र छापू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखादा लोकप्रिय नट, गायिका किंवा खेळाडू अकाली गेला की दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्याच्यावरच्या कविता दिसू लागतात. त्या छापायला आमचा विरोध नाही. त्या छापाव्यात आणि नीट छापाव्यात म्हणूनच हे पत्र आहे. आमची तक्रार मांडणीबद्दल आहे. कवितेच्या डोक्यावर दिवंगताचा हसरा फोटो, खाली जन्म-मृत्यूची साले, त्याखाली ‘यांना काव्यांजली’ असा उपमथळा, आणि मग कविता. कवीने जे सांगायचे मुद्दाम लांबवले ते पहिली ओळ वाचण्याआधीच वाचकाच्या हाती पडते. यात कवितेचे नेमके काय नुकसान होते, ते अशी कविता आतून कशी चालते हे पाहिल्याशिवाय कळणार नाही.

प्रसिद्ध माणसावरच्या विलापिकेची अडचण अशी की शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. आईवर किंवा मित्रावर लिहिताना कवीला माणूस उभा करावा लागतो आणि मग तो गेल्याचे सांगावे लागते. इथे माणूस उभाच आहे, बातमी सर्वांनी वाचलेली आहे, कारणांची चर्चाही होऊन गेली आहे. मग कवीच्या हातात काय उरते? ठाऊक असलेली गोष्ट ओळीत केव्हा, कोणत्या शब्दातून आणि किती उशिरा शिरू द्यायची, एवढेच. या कवितेचे जवळपास सगळे तंत्र या निर्णयाभोवती फिरते.

याचा आमच्या मते सर्वांत चांगला नमुना १९५९ सालचा आहे. १७ जुलै १९५९ रोजी जॅझ गायिका बिली हॉलिडे न्यूयॉर्कच्या रुग्णालयात वारली. वय अवघे ४४. अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून तिला खाटेवर पडल्या पडल्याच अटक झाली होती आणि खोलीवर काही काळ पोलिसांचा पहारा होता. वाचकाला रडवायला एवढा ऐवज पुरेसा होता. पण कवी फ्रँक ओहारा याने त्याच दिवशी लिहिलेल्या ‘द डे लेडी डाइड’ या कवितेत यातले अक्षरही येऊ दिलेले नाही.

कविता २९ ओळींची आहे. पहिल्या २४ ओळींत एक माणूस दुपारी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हिंडतो, बस्स. वेळ १२.२०, वार शुक्रवार. तो बुटांना पॉलिश करून घेतो, कारण संध्याकाळी ४.१९ ची गाडी पकडून ७.१५ ला बाहेरगावी उतरायचे आहे, आणि जेवू घालणारे लोक ओळखीचे नाहीत. मग खाणे, बँक, तिथल्या बाईने या वेळी खात्यातली शिल्लक न तपासताच पैसे देणे, पुस्तकांच्या दुकानात भेट म्हणून कुणाचे पुस्तक न्यावे याचा लांबलेला घोळ, मद्याची बाटली, सिगारेटी. आणि पंचविसाव्या ओळीत त्या सिगारेटींबरोबर घेतलेले एक वर्तमानपत्र, ज्यावर ‘तिचा’ चेहरा आहे. उरलेल्या चार ओळींत तो घामाघूम होतो आणि त्याला एक रात्र आठवते. फाइव्ह स्पॉट नावाच्या क्लबात तो दाराला टेकून उभा होता, ती पियानोवाल्या माल वॉल्ड्रनकडे गाणे कुजबुजत होती, आणि श्वास थांबला. कविता इथेच थांबते. ‘मृत्यू’ हा शब्द कवितेत कुठेही नाही, तिचे नावही नाही.

आता यातली तंत्रे एकेक करून पाहू. सगळ्यांना सारखाच वेळ देणार नाही, कारण ती सारख्याच तोलाची नाहीत.

घड्याळाचे आकडे आणि खरेदीची यादी पहिल्या वाचनात पाल्हाळ वाटते. पण आघात कळण्याआधीची दुपार माणसाला अशीच आठवते: कोणत्या दुकानात होतो, हातात काय होते, किती वाजले होते. बातमीने या साध्या गोष्टींवर शिक्का मारलेला असतो. कवी ती यादी बातमीच्या आधी ठेवतो, त्यामुळे वाचकही त्याच्यासारखाच बेसावध राहतो. यादी आटोपशीर करून चार ओळींवर आणली तर शेवट पडतो, कारण बेसावध व्हायला वेळच मिळत नाही. चोवीसास पाच हे प्रमाण विचार करून ठरवलेले आहे.

दुसरी गोष्ट ‘आणि’ची. वाक्य संपवणारा पूर्णविराम कुठेच नाही, वाक्ये ‘आणि… आणि…’ अशी एकमेकांना बांधलेली आहेत. पॉलिश, बाटली, सिगारेट, तिचा चेहरा, सगळे एकाच ‘आणि’ने जोडलेले. चेहऱ्यासाठी आवाज चढवलेला नाही. आवाज चढत नाही म्हणून तो चेहरा इतका बोचतो.

काळाचा वापर तर शिकवण्याजोगा आहे. सारी दुपार वर्तमानकाळात चालते: मी जातो, मी घेतो, मी विचारतो. शेवटाला ती ‘कुजबुजली’ आणि श्वास ‘थांबला’ इथे क्रियापदे भूतकाळात जातात. ती गेली हे क्रियापदाचा काळच सांगतो, वेगळे वाक्य त्यासाठी खर्च होत नाही. मराठीत हे आणखी सहज साधते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि काळाचा प्रत्यय कानावर पडतो तो अगदी अखेरीस. ही सोय आपल्याकडच्या अशा कवितांत फार कमी वापरलेली दिसते.

शीर्षकातही एक खुबी आहे. तिचे लाडके नाव ‘लेडी डे’. शीर्षकात ते उलटे होऊन ‘डे लेडी’ असे येते. नाव घेतले आहे, पण मोडून. जाणकाराला ते लगेच दिसते, इतरांना ‘बाई वारली तो दिवस’ एवढाच अर्थ मिळतो, आणि दोघांचेही भागते.

शेवटची ओळ भाषांतराला घेतली की खरी परीक्षा सुरू होते. मूळ वाक्याची रचना अशी आहे की ती गाणे ‘माल वॉल्ड्रनकडे आणि सगळ्यांकडे’ कुजबुजली आणि माझा श्वास थांबला, असाही अर्थ लागतो. आणि ती माल वॉल्ड्रनकडे कुजबुजली, मग ‘सगळ्यांचा आणि माझा’ श्वास थांबला, असाही. स्वल्पविराम नसल्याने दोन्ही अर्थ जिवंत राहतात. मराठीत मात्र ‘सगळे’ या शब्दाला ‘कडे’ लावायचे की ‘चा’ हे ठरवावेच लागते. प्रत्यय लावला की एक अर्थ मरतो. आम्ही ‘सगळ्यांचा’ घेऊ, कारण श्वास थांबणे ही मरणाची खूण श्रोत्यांवर येते आणि गाणारी मात्र गातच राहते, हा या कवितेचा गाभा आहे. आणि ‘कुजबुजली’ हा शब्दही नुसता हळवा नाही. १९४७ च्या शिक्षेनंतर बिली हॉलिडेचा परवाना गेला होता, आणि दारू विकली जाते अशा न्यूयॉर्कच्या क्लबांत तिला अधिकृतपणे गाता येत नव्हते. ही माहिती कवितेत नाही, पण ती असलेल्या वाचकाला कुजबुज वेगळी ऐकू येते.

नाव वगळणे हेच एकमेव बरोबर तंत्र, असा आमचा दावा नाही. निकाराग्वाचा कवी एर्नेस्तो कार्देनाल याने मेरिलिन मन्रोसाठी लिहिलेल्या प्रार्थनेत नाव सुरुवातीलाच येते, आणि लगेच ते तिचे खरे नाव नव्हते हेही येते. ऑगस्ट १९६२ मध्ये ३६ व्या वर्षी ती गेली तेव्हा तिच्या हातात टेलिफोन होता, हे जगभर छापून आले होते. कार्देनालने कवितेला घाट दिला तो प्रार्थनेचा. देवाला हाक मारत, ही मुलगी मेकअपशिवाय, प्रसिद्धी-अधिकाऱ्याशिवाय तुझ्यासमोर एकटी उभी आहे, असे तो सांगत जातो. मधे ‘आम्ही’ येतो: तिला प्रेमाची भूक होती आणि आम्ही तिला गुंगीची औषधे देऊ केली, अशा अर्थाने. सर्वनाम बदलताच वाचकाला बघ्याच्या जागेवरून उठावे लागते. आणि शेवट टेलिफोनवर: ती कुणालाही लावत असो, देवा, तो फोन तू उचल. सर्वांनी बातमीत वाचलेला तपशील घेतला, पण त्याचा धनी बदलला. बातमीतला फोन न लागलेला होता, कवितेतला फोन अजून वाजतो आहे. म्हणजे नाव घेऊनही उत्तम कविता होते; फक्त नाव घेण्याच्या क्षणी त्यावर काहीतरी काम झालेले हवे.

संबोधनाबद्दल मात्र अधिक सावध राहायला हवे, कारण आपल्याकडे या कविता बहुतेक ‘तू’नेच सुरू होतात. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकनवर नाट्यगृहात गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्यावर वॉल्ट व्हिटमनने लिहिलेल्या ‘ओ कॅप्टन! माय कॅप्टन!’मध्ये आठ-आठ ओळींची तीन कडवी आहेत. पहिली दोन कडवी कप्तानाला हाक मारून सुरू होतात. तिसऱ्यात हाक नाही: माझा कप्तान उत्तर देत नाही, असे वाक्य येते. ‘तू’चा ‘तो’ होतो, आणि त्या एका सर्वनामात मरण पूर्ण होते. संबोधन करायचे तर ते कुठेतरी तुटले पाहिजे. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘तू, तू, तू’ चालू राहिले तर समोरचा ऐकतोच आहे असे वाटते.

ही कविता अफाट गाजली, पण तिच्या घट्ट यमकांत आणि ध्रुवपदात दुःख फार पटकन पाठ होते, असे आम्हाला वाटते. स्वतः व्हिटमननेही पुढे, ती लिहिल्याचा जवळजवळ खेद होतो, असे म्हटले होते. त्याच मृत्यूवर त्याने दुसरी, दोनशेहून अधिक ओळींची मुक्त रचना केली. तिच्यात लिंकनचे नाव नाही, गोळी नाही, मारेकरी नाही. लायलॅकची फुले, पश्चिमेचा तारा आणि आडोशाला गाणारा पक्षी, ही तीन प्रतीके आलटून पालटून येतात आणि शेवटी एकत्र विणली जातात. एकच कवी, एकच मृत्यू आणि दोन रचना. तंत्राने काय फरक पडतो हे शिकवायला याहून सोपे साधन आम्हाला माहीत नाही.

आता मराठी कवितेकडे. पुरवण्यांत येणाऱ्या रचनांचा सर्वसाधारण नमुना असा असतो (ओळी आम्हीच बनवल्या आहेत):

हे ताऱ्या, तू निखळलास रे, नभ झाले हे सुने,
तुझ्यावाचुनी जगती आता उरले केवळ उणे.

‘रे’, ‘हे’, ‘जगती’ हे शब्द मात्रा भरायला आले आहेत. ते काढून पाहा, अर्थ जागचा हलत नाही. ‘सुने’ आणि ‘उणे’ हे यमक अर्धवट आहे, कारण ‘न’ आणि ‘ण’ कानाला वेगळे लागतात. आणि ‘उणे’ हा शब्द केवळ त्या यमकासाठी ओढून आणला आहे. काय उणे उरले ते कुणालाच सांगता येणार नाही. सर्वांत मोठी चूक निखळलेल्या ताऱ्याची. ही प्रतिमा नटाला चालते, नेत्याला चालते, फलंदाजालाही चालते. कवितेतले नाव काढून दुसऱ्या क्षेत्रातल्या दिवंगताचे नाव घालून बघावे. कविता तशीच उभी राहिली तर ती आधीही त्या माणसाची नव्हती. प्रतिभा नसते म्हणून असे होते हे आम्हाला पटत नाही. दुःख ताजे असताना हाताशी येते ते आधी कुणीतरी वापरलेलेच असते, म्हणून असे होते.

त्याच आशयाची दुसरी मांडणी करून पाहू. गेलेली व्यक्ती गायिका आहे असे धरू.

साडेसात.
माइकचा दांडा अजून तिच्याच उंचीला
घट्ट केलेला.
आज गाणारी मुलगी बुटकी आहे,
टाचा उचलून
पहिली ओळ घेते

इथे कुणी गेल्याचे सांगणारे शब्द दोनच: ‘अजून’ आणि ‘तिच्याच’मधला ‘च’. त्यांतला एक काढला तरी चालते, दोन्ही काढले तर ही नुसती माइकची गोष्ट उरते. ‘घट्ट’, ‘बुटकी’, ‘टाचा’ यांतला ‘ट’ अडखळत येतो, आणि ‘पहिली ओळ घेते’ इथे आवाज मोकळा होतो. अनुप्रास कानाला दिसू नये इतकाच ठेवला आहे. ‘टाचा उचलून’ नंतर ओळ तोडली, कारण तिथे वाचकानेही क्षणभर टाचांवर उभे राहावे. ही काही थोर कविता नव्हे. माइकवाल्याने, निवेदकाने, कुणीच दांडा खाली का केला नाही, हा प्रश्न तिने न विचारता वाचकाकडे सोपवला, एवढे तिचे काम झाले आहे. ‘कुणाचे धाडस झाले नाही’ अशी ओळ पुढे जोडण्याचा मोह होतो. ती जोडली की रचना कोसळते.

वृत्तात लिहिणाऱ्यांसाठी थोडे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. चौथा चरण दोन अक्षरे आधीच थांबतो आणि तिथे आवाज खाली बसतो. शोकाला हा आखूड चरण फार उपकारक आहे, पण तो लांबवायला ‘हो’, ‘गा’ घातले की मिळालेले सगळे जाते. मंदाक्रांता वृत्तात ओळीला सतरा अक्षरे, यती म्हणजे थांबा चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर. पहिली चारही अक्षरे गुरू, मग लागोपाठ पाच लघू: जड पावलांनी सुरुवात आणि मधेच हुंदक्यासारखी धाव. आठ-आठ मात्रांवर उड्या मारत जाणारी चाल घेतली तर शब्द कितीही गंभीर असोत, कान टाळी वाजवायला तयार होतो.

दिवंगताच्या चित्रपटांची, भूमिकांची, गाण्यांची नावे ओळींत गुंफणे हा आणखी एक लाडका प्रकार. वाचक नावे ओळखण्यात गुंततो आणि कवितेचे कोडे होते. नाव घ्यायचेच तर एक घ्यावे, आणि ते सर्वांत गाजलेले नसावे.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर तंत्राच्या आधी जबाबदारी येते. साधन, पद्धत, जागा यांचे वर्णन नको. मरण म्हणजे सुटका किंवा विजय अशी मांडणी नको. एकच कारण ठरवून कुणाला दोषी करणे नको. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी केलेल्या सूचना बातम्यांपुरत्या वाचल्या जातात, पण त्याच पानावर कविता छापली जाते आणि वाचकही तोच असतो. कवितेत पद्धतीचे वर्णन असेल तर ती ओळ बदलून मागण्याचा अधिकार संपादकाने जरूर वापरावा. अपघात किंवा खून असेल तेव्हा तपास चालू असताना कवितेने निकाल देऊ नये, हेही त्यातच आले.

अशी कविता आठ दिवस थांबवून ठेवावी असे आम्ही म्हणणार नाही. ओहाराची कविता त्याच दिवशीची आहे. आमच्या मागण्या आपल्या पानाच्या जुळणीबद्दल आहेत. छायाचित्र बातमीच्या पानावर असू द्यावे, कवितेच्या चौकटीत नको. कुणावरची कविता हे सांगणे आवश्यक वाटल्यास नाव आणि तारीख कवितेच्या खाली, बारीक टंकात, एक ओळ सोडून द्यावी. कवीचे शीर्षक बदलू नये, आणि ‘काव्यांजली’, ‘शब्दसुमने’ असे उपमथळे वर चढवू नयेत. कविता एका अरुंद स्तंभात कोंबली की लांब ओळ मोडून खाली येते आणि ती नवी ओळ वाटते. म्हणून दोन स्तंभांची रुंदी द्यावी, तरीही ओळ मोडली तर मोडलेला तुकडा आत सरकवून छापावा. कडव्यांमधली मोकळी जागा जाहिरात बसवण्यासाठी खाऊ नये. मुद्रितशोधकाने शुद्धलेखन जरूर तपासावे, पण विरामचिन्हे घालू नयेत. वरच्या माइकच्या कवितेत शेवटी पूर्णविराम नाही, कारण मुलगी अजून गाते आहे. असा नसलेला पूर्णविराम दिसला की तो घालण्यापूर्वी कवीला एक फोन करावा.

आपले,
कविता शिकवणारे आणि कवितांचे संपादन करणारे काही वाचक